पहिल्या पिढीची माझदा मियाटा: चालवायला नाही, सांभाळायला कशी आहे?

मियाटा चालवायला किती मजा येते यावर लोकांनी ढिगाने लिहून ठेवलंय, त्यात माझी भर नको. तीस वर्षं उलटून गेलेली ही उघड्या छताची टू-सीटर घरी ठेवून चालती ठेवायला कशी आहे, काय काय बिघडतं आणि बिघडलं की कुठे बघायचं, एवढ्यापुरताच हा रिव्ह्यू. घाईत असाल तर पाचपैकी साडेचार स्टार, आणि कापलेला अर्धा स्टार पाण्यापायी कापलाय, ते पुढे येईलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पहिली पिढी म्हणजे एनए, वर उठणाऱ्या हेडलाइटवाली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दाखवली, १९९७ पर्यंत बनली, जपानात युनोस रोडस्टर आणि बऱ्याच देशांत एमएक्स-५ या नावाने विकली. आधी १.६ लिटरचं इंजिन होतं, नंतर १.८ पण आलं. वजन जेमतेम टनभर, ड्राइव्ह मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन आडव्या दांड्यांनी धरलेलं सस्पेन्शन. जुन्या ब्रिटिश रोडस्टरची मजा हवी पण त्यांची कटकट नको या हिशेबाने ती बनवली आणि इतकी चालली की २०१६ मध्ये सगळ्या पिढ्या धरून दहा लाखावी गाडी बाहेर पडली.

माझं मत एका वाक्यात सांगायचं तर या गाडीचं लोखंड मरत नाही, रबर मरतं. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल नीट ऑईल बदललं तर लाखो किलोमीटर जातात, पण होज, सील, ओ-रिंग (सांध्यातून गळती अडवणारी रबरी कडी), बूट, छताची पट्टी हे सगळं वयाने कडक होतं आणि मग अशी लक्षणं दाखवतं की बघणाऱ्याला वाटतं इंजिन गेलं. त्यामुळे मोठं काम काढण्याआधी स्वस्त रबर बघायचं, या गाडीत हा नियम दहापैकी नऊ वेळा लागू पडतो.

आता अर्ध्या स्टारचं प्रकरण. कुठेतरी पाणी मुरतंय हे या गाडीत शब्दशः खरं असतं. छत बंद असताना पाऊस पडला की पाणी कापडावरून मागे येतं, तिथे आतल्या बाजूला प्लास्टिकची पन्हळ आहे, तिच्यातून दोन्ही बाजूंच्या नळ्यांत जातं आणि मागच्या चाकांच्या जरा पुढे गाडीच्या खाली पडतं. डिझाइन चांगलंच आहे, पण गाडी झाडाखाली उभी राहिली की पानं आणि माती त्या नळीत बसते, तोंड बंद होतं, आणि पाणी मग सीटच्या मागे, कार्पेटखाली, दाराखालच्या उंबऱ्याच्या पोकळीत जाऊन बसतं. वरून काही कळत नाही. फक्त काच आतून धूसर होते आणि कुबट वास येतो, एखादा मालक सहा महिने एअर फ्रेशनर लावत बसतो. तोवर उंबऱ्याचा मागचा भाग, म्हणजे मागच्या चाकाच्या पुढचा पत्रा, आतून बाहेर सडत आलेला असतो, आणि रंगावर फोड दिसला म्हणजे आतला पत्रा केव्हाच गेला समजा. वर काही मॉडेलमध्ये ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) पण बाजूच्या सीटच्या पायाशी कार्पेटखालीच असतो, म्हणजे विचार करा.

तपासायचं सोपं आहे. छत उघडा, सीटबेल्टच्या खांबाच्या मागे हात घातला की भोक सापडतं, त्यात बाटलीभर पाणी हळूहळू ओता आणि खाली वाकून बघा. धार लगेच पडली तर ठीक, थेंब थेंब आलं तर साफ करायची वेळ झाली. साफ करताना टोकदार तार घालू नका, नळी फाटते किंवा जागेवरून सुटते आणि मग जे पाणी निदान अडकून तरी राहत होतं ते थेट बॉडीत शिरतं. गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी बरोब्बर जाते, वळते पण. हे काम वर्षातून दोनदा तरी करायचंच, मी तर म्हणेन ऑईल एक वेळ उशिरा बदला पण हे चुकवू नका.

छताबद्दल अजून एक. एनएच्या मूळ छताची मागची काच प्लास्टिकची आहे. छत खाली करण्याआधी तिची चेन उघडून ती सपाट पाडून ठेवायची, नाहीतर घडी पडते, घडीवर पांढरी रेघ येते आणि तिथूनच ती तडकते, थंडीत तर नक्कीच. पुढच्या पिढीत खरी काच आली आणि ती काचवाली छतं एनएवर बसतात सुद्धा, छत बदलायचंच असेल तर तेच घ्या.

इंजिनाकडे येऊ. या गाड्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "मागचं क्रँक सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल". क्रँक म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा, आणि त्याच्या मागच्या टोकाला ऑईल अडवणारं रबर म्हणजे हे सील. गाडीखाली ऑईलचा डाग पडलेला असतो, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर ऑईल असतं, म्हणजे मेकॅनिक काही खोटं बोलत नसतो, दिसतंय ते सांगत असतो. पण हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) मागच्या टोकाला, फायरवॉलला म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला अगदी चिकटून, ठिणगीची वेळ ठरवायला लागणारा कॅम अँगल सेन्सर बसवलेला आहे आणि त्याला एकच ओ-रिंग आहे. ती वर्षानुवर्षं उष्णतेने प्लास्टिकसारखी कडक होते, ऑईल तिथून झिरपतं, इंजिनच्या पाठीवरून ओघळत खाली येतं आणि अगदी त्याच सांध्यातून थेंब टाकतं. म्हणून गिअरबॉक्स उतरवायच्या गप्पा सुरू झाल्या की आधी टॉर्च आणि आरसा घेऊन हेडच्या मागे बघायचं. सेन्सरखाली ओलं असेल तर ओ-रिंग बदला, मग मागची बाजू स्वच्छ धुवा, काही दिवस चालवा आणि मग ठरवा सीलचं. सेन्सर काढण्याआधी त्याच्या बुडाशी आणि हेडवर मिळून एक बारीक खूण करून ठेवा कारण तो फिरवला की इग्निशन टायमिंग बदलतं. नंतर टायमिंग लाइटने बघायचंच, बॉनेटखालच्या डायग्नोसिस लिहिलेल्या छोट्या डबीत टीईएन आणि जीएनडी ही दोन टोकं वायरने जोडायची आणि ८५० आरपीएमच्या आसपास आयडलला पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या १० डिग्री आधी यायला हवं. जागा मात्र इतकी अडचणीची आहे की मनगट सोलून निघतं.

तीच डबी गाडी सुरू होत नाही तेव्हा पण कामाला येते. १.६ वाल्या गाडीत हवा मोजायला फडक्याचा एअर फ्लो मीटर आहे, म्हणजे हवा आत आली की आतलं पातं उघडतं, आणि त्या पात्यालाच फ्युएल पंपाचा स्विच जोडलाय. पातं हललं नाही तर इंजिन चालू असताना पंपाला करंट नाही. त्यामुळे सेल्फ मारला की गाडी सुरू होते आणि चावी सोडली की बंद पडते, अशी तक्रार असेल तर पंप विकत आणायच्या आधी डबीत एफ/पी आणि जीएनडी जोडा आणि चावी ऑन करा. मागून पंपाचा गुणगुणल्यासारखा आवाज आला म्हणजे पंप ठणठणीत आहे, दोष मीटरच्या स्विचमध्ये किंवा मधल्या रबरी पाईपात. तो मीटरकडून थ्रॉटलकडे जाणारा घडीचा पाईप जुना झाला की घड्यांच्या आत चिरतो, वरून अख्खा दिसतो, हाताने वाकवला की चीर उघडते. तिथून शिरलेली हवा मीटरला कळतच नाही, मग आयडल वरखाली होतं, गाडी सिग्नलला बंद पडते, आणि लोक मात्र एकेक सेन्सर बदलत बसतात.

मिसिंग मारत असेल तर आधी प्लग वायर. या गाडीत वायर म्हणजे संपणारा माल धरून चालायचं, टायरसारखा. वरच्या गिअरमध्ये कमी स्पीडला अॅक्सिलरेटर दाबला की धक्के आणि पावसाळी हवेत जास्त, हे वायरचं लक्षण. कॉइल दोन आहेत, एक १ आणि ४ नंबरच्या सिलिंडरला आणि दुसरी २ आणि ३ ला, म्हणून एकच सिलिंडर मेला असेल तर वायर किंवा प्लग, आणि जोडीच्या जोडी मेली असेल तर कॉइल किंवा तिची वायरिंग. इतकं सरळ निदान आजकालच्या गाड्यांत लॅपटॉप लावून पण होत नाही, हे माझं वैयक्तिक दुःख.

टायमिंग बेल्ट साधारण एक लाख किलोमीटरला बदलतात. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीत, गाडी फक्त जागेवर थांबते, हा मोठा दिलासा आहे. बेल्ट काढलाच आहे तर वॉटर पंप, कॅम सील आणि पुढचं क्रँक सील त्याच वेळी करून टाका. पण १९९१ च्या मध्यापर्यंतची १.६ असेल तर थांबा. त्या गाड्यांच्या क्रँकचं नाक, म्हणजे पुली बसते ते पुढचं टोक, आखूड आहे आणि बेल्टच्या कामात पुलीचा मोठा बोल्ट नीट टॉर्कने बसवला नाही तर आतली चावी (पुली फिरू नये म्हणून बसवलेला लोखंडी तुकडा) तिच्या खाचेत हलायला लागते, खाच रुंद होत जाते आणि शेवटी क्रँक बाद. पुलीवरच्या खाचा मोजा, चार असतील तर आखूड नाक आणि आठ असतील तर सुधारलेला क्रँक. गाडी विकत घ्यायला गेलात तर इंजिन चालू ठेवून पुलीकडे टक लावून बघा, डगमगली तर नमस्कार करून परत या. टायमिंग आपोआप सरकत असेल, पिकअप हळूहळू कमी होत असेल, तरी शंका इथेच.

कूलिंगमध्ये फार काही नाही. रेडिएटरच्या वरच्या टाकीचा रंग बघा, नवीन असताना काळी असते, मातकट हिरवट झाली की प्लास्टिक ठिसूळ झालंय आणि एखाद्या दिवशी चिरणार आहे. इंजिनमागे हीटरचे दोन होज आहेत ते सगळे विसरतात.

थंड इंजिन सुरू केल्यावर टॅपेटची टकटक येते, त्याने घाबरू नका. हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ऑईल निथळलं की वाजतात, गरम झालं की गप्प होतात. ताजं ऑईल घातलं की बऱ्याचदा कमी होतं. नुसता आवाज आहे.

क्लच पॅडल दाबूनही सकाळी पहिला किंवा रिव्हर्स गिअर पडत नसेल तर क्लच प्लेट बदलू नका, गिअरबॉक्सच्या कडेला पॅडलचा दाब द्रवातून क्लचपर्यंत पोचवणारा स्लेव्ह सिलिंडर आहे त्याचा रबरी बूट ओढून बघा, आतून द्रव गळाला की उत्तर मिळालं. स्लेव्ह आणि वरचा, पॅडलकडचा मास्टर सिलिंडर दोन्ही एकदम बदला, कारण एक नवा टाकला की दुसरा थोड्या दिवसांत जातो. गिअरचा दांडा खडबडीत वाटतो, दुसरा गिअर थंडीत आडमुठा आहे, पायाशी गरम हवा येते, ही तीन दुखणी असतील तर दांड्याच्या बुडाशी रबरी बूट फाटलेले असणार. दांड्याच्या बुडाची ती कुंडी गिअरबॉक्सपासून वेगळी आहे, तिच्यात स्वतःचं थोडंसं ऑईल असतं आणि गिअरबॉक्सचं ऑईल बदलताना ते बदललं जात नाही. बूट नवे, कुंडीत ७५डब्ल्यू-९० ऑईल, आणि गिअर असा पडतो की उगाचच वर-खाली करत बसावंसं वाटतं. पैसे वसूल होणारं यापेक्षा चांगलं काम या गाडीत नाही.

हँडब्रेक खूप वर ओढावा लागत असेल तर केबल ताणू नका. मागच्या कॅलिपरच्या पाठीला एक झाकणाचा बोल्ट आहे, १४ चा पाना लागतो, तो काढला की आत ४ मिमीची एलन की बसते. चाक जॅम होईपर्यंत फिरवा, मग साधारण एक तृतीयांश फेरा मागे घ्या. चाक मोकळं फिरायला हवं. फिरलं नाही तर कॅलिपरच गंजलाय, खोलून साफ करा.

बॅटरी डिकीत आहे, तिथे गॅस बाहेर न्यायच्या नळीची सोय असलेलीच बॅटरी लावा. साधी लावली की आम्लाच्या वाफेने डिकीचा पत्रा सडतो, आणि बॅटरीखाली कोण बघतं! हेडलाइट एखाद्या रात्री वर आलं नाही तर बॉनेटखाली त्याच्या मोटरवर टोपीखाली एक नॉब आहे, तो हाताने फिरवत राहिलात की दिवा वर येतो, तेवढ्यावर घरी पोचता येतं.

पार्ट मिळण्याची चिंता या वयाच्या गाडीत मला सगळ्यात कमी इथे वाटते. गाड्या प्रचंड विकल्या गेल्या, बाहेरचे पार्ट बनवणारे पुष्कळ, आणि माझदाने स्वतः जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या परत नव्यासारख्या करून द्यायची सेवा सुरू केली, तिच्यासोबत काही बंद झालेले पार्ट परत बनवायला घेतले. उंबरा सडलेला नसेल तर बाकी सगळं घरच्या हत्यारांनी होतं. सडलेला असेल तर गाडी कितीही चकचकीत असो, सोडून द्या, वेल्डिंगचा खर्च इंजिन बदलण्याच्या वर जातो. आणि जॅक लावताना पुढे मधल्या क्रॉसमेंबरला आणि मागे डिफरन्शियलला लावा, खालच्या लांब रेल्सना नाही. बहुतेक जुन्या मियाटांच्या त्या रेल्स कुणीतरी तिथेच जॅक लावल्यामुळे चेपलेल्या असतात, बघायला जाल तेव्हा आडवे होऊन तेही बघून घ्या.