सां-दनीची बॅसिलिका, पॅरिस: मार्तेलच्या मुकुटासाठी तरी तिकीट काढाच

पॅरिसला जाणाऱ्यांनी थोडा वेळ शहराला लागूनच असलेल्या सां-दनीसाठी, म्हणजे फ्रान्सच्या राजांच्या समाध्या असलेल्या तिथल्या चर्चसाठी, राखून ठेवावा. मेट्रोची 13 नंबरची लाइन जवळपास दारातच सोडते. चर्चमध्ये प्रवेश मोफत आहे, राजांच्या समाध्या पाहायला मात्र तिकीट लागतं. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा दुपारी जा.

बहुतेक लोक सोळावा लुई आणि मारी आंत्वानेत यांच्याकडे वळतात. मी शाळेत इतिहास शिकवते. माझा जीव अडकला तो जुन्या फ्रँक राजांत. वेदीजवळ मेरोविंजियन या जुन्या फ्रँक राजघराण्यातल्या दागोबेरची समाधी आहे. सैतान त्याच्या आत्म्याला होडीतून ओढून नेताहेत आणि संत त्याला सोडवताहेत, असा सगळा प्रसंग दगडात कोरलाय. तो 639 मध्ये गेला आणि त्या घराण्याचा दराराही ओसरला. पुढचे राजे बहुतेक नावाचे, सत्ता राजवाड्याच्या कारभाऱ्यांच्या हाती.

त्यांतला सर्वांत बलाढ्य शार्ल मार्तेल. 737 पासून गादी रिकामी होती, तरी तो तीवर बसला नाही. 741 मध्ये कारभारी म्हणूनच गेला. इथल्या त्याच्या पुतळ्याच्या डोक्यावर मात्र मुकुट आहे! मी तिथून हललेच नाही. हे पुतळे 13व्या शतकात नवव्या लुईच्या काळात घडवले गेले. त्याच्या कापे घराण्याला आपली परंपरा थेट मेरोविंजियनांपर्यंत अखंड दाखवायची होती. म्हणून सगळ्या घराण्यांचे राजे एकत्र, मधली बंडाळी गायब.

प्रत्यक्षात मार्तेलच्या मुलाने, पेपिनने, 751 मध्ये पोपची संमती मिळवून तिसऱ्या शिल्देरिकला गादीवरून उतरवलं. लांब केस ही त्या घराण्याची राजखूण. ते कापून त्याला मठात पाठवलं. 754 मध्ये पोप दुसरा स्टीफन स्वतः सां-दनीला आला आणि त्याने पेपिनला व त्याच्या दोन्ही मुलांना अभिषेक केला. त्यांतलाच एक शार्लमेन. त्याची समाधी इथे शोधू नका, ती जर्मनीत आखेनला आहे.

1793 मध्ये क्रांतिकारकांनी इथल्या राजांच्या कबरी उकरल्या, हाडं खड्ड्यांत टाकली. पण जमिनीखाली मेरोविंजियन राणी आरेगोंदची कबर शाबूत राहिली आणि 1959 मध्ये सापडली. तिच्या नावाची अंगठीही मिळाली. सां-दनी आवडलं, तर तिचे दागिने पाहायला सँ-जेर्मँ-आं-लेच्या पुरातत्त्व संग्रहालयातही जा. माझ्याकडून पाच तारे.