पावत्या अकरा, आणि ग्रीस ट्रॅप एकदाही रिकामा नाही

ज्यांचं हॉटेल आहे किंवा जे काढायच्या तयारीत आहेत, त्यांनी हे जरूर वाचावं. ग्रीस ट्रॅप म्हणजे किचनच्या सांडपाण्यातली चरबी गटारात जाण्याआधी अडवणारी टाकी. ती साफ करणाऱ्या एका कंत्राटदाराने मला अकरा महिने गंडवलं, आणि तेवढा सगळा काळ माझी फाइल अगदी चोख होती.

त्याचा दर बाकीच्यांपेक्षा बराच कमी होता. तिथेच थांबायला हवं होतं. ट्रॅपमधला माल नेऊन रीतसर जिरवायला पैसे पडतात. जो तो खर्चच करत नाही, त्याला स्वस्तात परवडतं. रात्री आवराआवर चालू असताना त्याचा टँकर यायचा, थोडा वेळ पंप वाजायचा आणि 'पूर्ण टाकी उपसली' अशी पावती हातात पडायची. किचनमधला जो मोकळा असेल तो सही करायचा. दिवसभर उभं राहून दमलेलं माणूस त्या झाकणाकडे फिरकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ट्रॅपमध्ये पाणी संथ होतं, चरबी हलकी म्हणून वर येते, अन्नाचे कण तळाशी बसतात आणि मधलं पाणी तेवढं पुढे जातं. हा गृहस्थ दुधावरची साय काढावी तसा वरचा थर ओढायचा. झाकण उघडून पाहिलं तर सगळं साफ. खालचा गाळ मात्र दर महिन्याला चढत होता. गाळ चढला की पाण्याला थांबायला जागा राहत नाही आणि चरबी सुटी न होताच गटारात जाते.

पुढे कुजलेल्या अंड्यासारखा वास सुटला. मी फोन केला, तर तो एन्झाइमचा कॅन घेऊन आला. "हे सिंकमध्ये ओतत जा, साफसफाई कमी लागेल." त्याचे पैसे वेगळे. असल्या औषधांनी चरबी फुटून पाण्यात मिसळू शकते, ट्रॅपमधून निसटते आणि पुढे पाइपात पुन्हा थिजते. म्हणून कित्येक ठिकाणी त्यांना मनाई आहे. २०१७ साली लंडनमध्ये व्हाइटचॅपलच्या रस्त्याखाली चरबी आणि वाइप्सचा २५० मीटर लांब, सुमारे १३० टनांचा गोळा सापडला होता. तो अशाच थेंबाथेंबाने साठतो. मीही महिनोन्‌महिने त्यात भर घालत होतो, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

मग तपासणी आली. अधिकाऱ्याने एक पारदर्शक नळी तळापर्यंत घातली, वरून बंद केली आणि बाहेर काढली. वर बोटभर पिवळट थर, मध्ये वीतभर गढूळ पाणी, खाली हातभर काळा गाळ. नियम जागोजागी वेगळे असतात, पण चरबी आणि गाळ मिळून खोलीच्या २५ टक्क्यांवर गेले की टाकी उपसायची, हा निकष बऱ्याच ठिकाणी लावतात. आमच्याकडे ते निम्म्याच्याही वर होते.

मी पावत्या पुढे केल्या. त्याने विचारलं, "माल टाकला कुठे?" तो रकाना अकराही पावत्यांवर कोरा होता. लिटरचा आकडा सगळीकडे एकच, आणि तोही आमच्या टाकीच्या मापापेक्षा मोठा! मी तो कधी ताडून पाहिलाच नव्हता. दंड माझ्या नावाने झाला. ट्रॅप ज्याचा, जबाबदारी त्याची. कंत्राटदाराचा फोन त्या दिवसापासून बंद.

आता उपशाच्या वेळी मी स्वतः झाकणापाशी असतो. टाकीचा तळ दिसल्याशिवाय आणि उपसलेलं पाणी परत टाकीत सोडलेलं नाही हे पाहिल्याशिवाय सही करत नाही. पावतीवर गाडीचा नंबर आणि माल उतरवायची जागा लिहून घेतो. माणसाला आत उतरू देत नाही. तिथला वायू जीव घेतो.

नव्या कंत्राटदाराच्या माणसांनी पहिल्यांदा टाकी पूर्ण उपसली, कडा खरवडल्या, तेव्हा तळच्या चिखलात बाहेर जाणाऱ्या पाइपचा टी, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचा जोड, तुटून पडलेला सापडला. तोच वरची चरबी अडवतो. त्याच्यावर गाळाचं इतकं जाड कवच चढलं होतं की धुतल्यावरच कळलं, हे काय आहे ते.