६-बीए पावडर: फुटव्यांना पक्की, मुळांना जड

टिश्यू कल्चरसाठी, म्हणजे बरणीत ऊतीपासून रोपे वाढवण्यासाठी, सायटोकायनिनची (कोंब फुटवणाऱ्या संजीवकाची) एकच बाटली घ्यायची असेल तर ती ६-बेन्झिलअमिनोप्युरिनची घ्यावी. पूर्ण नाव कोणी घेत नाही. कुठे बीए म्हणतात, कुठे बीएपी, वस्तू एकच. हा आढावा मुक्त बेस (आम्ल न जोडलेल्या) रूपातल्या, ९९ टक्के शुद्ध, कल्चर ग्रेड पावडरीचा आहे. ओघात तिचे हायड्रोक्लोराइड रूप, कायनेटिन आणि झिएटिन ही दुसरी सायटोकायनिने आणि ऑर्किडवाल्यांची कीकी पेस्टही येईल.

आधी ती करते काय ते. शेंड्याकडून खाली उतरणारे ऑक्झिन हे दुसरे संजीवक पानांच्या बगलेतले डोळे दाबून धरते, सायटोकायनिन ते फोडते. मीडियात (बरणीतल्या पोषक माध्यमात) सायटोकायनिनचे पारडे जड असेल तर कोंब, ऑक्झिनचे जड असेल तर मुळे आणि दोन्ही साधारण बरोबरीत असतील तर नुसता कॅलस (पेशींचा बिनआकाराचा गोळा), हे स्कूग आणि मिलर यांनी १९५७ मध्ये तंबाखूच्या ऊतीवर दाखवले. म्हणून ‘लिटरला किती बीए घालू’ हा प्रश्न एकटा विचारून भागत नाही. सोबत ऑक्झिन किती, तेही सांगावे लागते.

बीए इतके चालते ते त्याच्या चिवटपणामुळे. झिएटिन हे झाडाचे स्वतःचे सायटोकायनिन, पण ते मोडणारे सायटोकायनिन ऑक्सिडेज हे एन्झाइमही झाडाकडेच असते. बीएची बेन्झिल बाजू त्या एन्झाइमला सहज तुटत नाही, त्यामुळे चार आठवड्यांच्या सबकल्चरमध्ये (ताज्या मीडियात हलवल्यानंतरच्या फेरीत) त्याचा जोर शेवटपर्यंत पुरतो. शिवाय ते ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणे) सोसते, मीडियात आधीच घालता येते. झिएटिन सहसा गाळून, मीडिया निवल्यावर घालतात.

आता विरघळवणे. तक्रारी सर्वांत जास्त इथेच येतात आणि बहुतेक वेळा दोष पावडरीचा नसतो. ही पावडर साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ६० मिलिग्रॅम, बस. १०० मिलिग्रॅम पावडर छोट्या बीकरमध्ये घ्या, १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड (१०० मिलिलिटरला ४ ग्रॅम) थेंबाथेंबाने २ ते ३ मिलिलिटर घाला आणि द्रव पूर्ण नितळ होईपर्यंत हलवा. मगच ढवळत ढवळत, हळूहळू डिस्टिल्ड पाणी घालून १०० मिलिलिटर करा. हा १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा स्टॉक, म्हणजे साठ्याचे तीव्र द्रावण, झाला: लिटर मीडियाला १ मिलिलिटर घातला की १ मिलिग्रॅम, म्हणजे ४.४४ मायक्रोमोलर.

पाणी धसक्यात ओतले की पांढरे ढग येतात. कोमट करून कॉस्टिकचे (त्याच सोडियम हायड्रॉक्साइडचे) दोन थेंब घातले तर बहुधा ते परत विरघळतात. तसे न करता तोच गढूळ स्टॉक वापरला तर पहिल्या बरणीत कमी आणि शेवटच्या बरणीत जास्त बीए जाते, आणि मग ‘बॅच खराब निघाली’ असा शिक्का बसतो. स्टॉकचा पीएच ७ वर आणायचा मोह टाळा, सगळे खाली बसेल. मीडियाचा पीएच मात्र स्टॉक घातल्यावरच ५.७ ते ५.८ ला बसवा, कारण कॉस्टिक तो थोडा वर नेते.

वजनातही फसगत होते. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर १०० मिलिग्रॅम तोलले तर एका आकड्याच्या फरकाने १० टक्के चूक होते. चार दशांशांचा काटा नसेल तर एकदम १ ग्रॅम तोलून १ लिटर स्टॉक करणे बरे, पण मग तो लवकर संपवणारे काम हवे. हायड्रोक्लोराइड रूप पाण्यात सोपे जाते, पण त्याचा रेणुभार २६१.७ आहे आणि मुक्त बेसचा २२५.२५. तोच परिणाम हवा तर १.१६ पट तोला. लेबलवर कोणते रूप आहे हे न वाचता मागवणारे पुष्कळ, आणि काही विक्रेते ते ठळक छापतही नाहीत. हा दोष विक्रेत्याच्या खात्यावर.

मात्रा बहुतेक पिकांत लिटरला ०.५ ते २ मिलिग्रॅम. केळीत ५ पर्यंतही जातात. जास्त झाल्याची खूण लगेच कळते: आखूड, गच्च झुपके, जाड देठ, मुरडलेली पाने, पुढे काचेसारखे पारदर्शक पाणीदार कोंब. असे दिसले की मात्रा निम्मी करा, जेल थोडे घट्ट करा, झाकणातून हवा खेळू द्या. बरण्या जास्त भराव्यात म्हणून मात्रा वाढवत नेणे आणि त्याच साखळीत सबकल्चर ओढत राहणे हा तोट्याचा धंदा आहे. केळीत बुटकी, बिघडलेली रोपे अशाने वाढतात.

खरा उणेपणा मुळांच्या टप्प्यावर दिसतो. झाड बीएला नवव्या जागी साखर जोडून ठेवते. हे ग्लुकोसाइड काम करत नाही, लवकर मोडतही नाही, आणि कोंबाच्या बुडाशी साठत जाते. कोंब रूटिंग मीडियात गेला तरी मुळे उशिरा येतात, कधी येतच नाहीत. ऑक्झिन वाढवून पाहण्याआधी एक सबकल्चर बिनसंजीवक मीडियात काढा, बुडाचा सुजलेला भाग कापा, मग रूटिंगला लावा. तरीही अडत असेल तर मेटा-टोपोलिन हे दुसरे सायटोकायनिन पाहण्यासारखे आहे. कायनेटिन सौम्य असते, फुटवे कमी देते. थिडियाझुरॉन हे तसेच काम करणारे रसायन अगदी थोड्या मात्रेत भडकते. हट्टी काष्ठवर्गीय झाडांसाठी ठीक, नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

फवारणीसाठी ही पावडर घेऊ नये. साध्या पाण्यात १०० पीपीएम नीट राहणारच नाही, स्फटिक पडून नोझल तुंबतील. त्यासाठी तयार द्रव फॉर्म्युलेशन असतात. सफरचंदाची फळे साधारण १० मिलिमीटरची असताना विरळणीला वापरतात ती तशीच. पानावर पडलेले बीए झाडात फारसे फिरत नाही, त्यामुळे जो डोळा फोडायचा तोच ओला व्हायला हवा. आळवणी (मुळाशी ओतणे) तर उलटी पडते, कारण सायटोकायनिन मुळांची वाढ रोखते. ऑक्सिडेजचे जनुक वाढवून सायटोकायनिन घटवलेल्या अरॅबिडॉप्सिस या प्रयोगातल्या छोट्या झाडाची मुळे मोठी होतात, यावरून काय ते समजावे.

कीकी पेस्ट म्हणजे लॅनोलिनमध्ये कालवलेले सायटोकायनिन, बहुधा बीएच. फॅलेनोप्सिस या ऑर्किडच्या फुलदांड्यावरच्या खालच्या पेरावरचे पातळ आवरण अलगद सोलून, उघड्या डोळ्यावर काडीपेटीच्या काडीच्या गुलाइतकी लावली की पुरे. अशक्त झाडाला लावू नका. पिल्लू येईल, पण आईच्या जिवावर. एका दांड्यावर तीन-चार डोळ्यांना लावणारे लोक बहुधा एकही धड रोप मिळवत नाहीत. डबीवर सक्रिय घटकाचे प्रमाण छापलेले नसेल तर ती डबी परत ठेवा.

पावडर कोरडी, घट्ट बंद ठेवली तर टिकते. स्टॉक फ्रिजमध्ये ठेवा, बाटलीवर तारीख घाला, तळाशी गाळ दिसला तर फेकून द्या.