आमच्या जिल्ह्याची बाल कल्याण समिती : पाचपैकी तीन तारे

ताई गेली आणि वर्षभरात दाजींचा हात मुलांवर उठू लागला. भाचीच्या पाठीवर पट्ट्याचे वळ दिसले तेव्हा शेजारणीने मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन केला. दुसऱ्याच दिवशी भाची आणि तिचा धाकटा भाऊ छोटू, दोन्ही मुलं बाल कल्याण समितीसमोर होती. संरक्षणाची गरज असलेल्या मुलांनी कुठे राहायचं, हे ही समिती ठरवते. मुलांना २४ तासांत समितीपुढे आणायचं असा नियम आहे, तो इथे पाळला गेला.

समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य, अधिकार मात्र प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे. मी घाबरतच गेले होते. एका सदस्य मॅडमनी मला आणि दाजींना बाहेर बसवलं आणि स्वतः टेबलाच्या अलीकडे येऊन भाचीशेजारी खुर्ची घेतली. अर्धा तास बोलल्या. भाची म्हणाली, "मावशीकडे जाईन, पण छोटूला घेऊन." हे वाक्य जसंच्या तसं आदेशात आहे. दहा वर्षांच्या पोरीचं म्हणणं कुणी असं लिहून घेताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

दोन तारे का कापले ते सांगते. मुलं लगेच माझ्याकडे दिली नाहीत. आधी घराची चौकशी हवी, हे पटतं. मावशी म्हणून कुणीही उभं राहील. पण या चौकशीचा, म्हणजे सामाजिक तपासणीचा अहवाल १५ दिवसांत यायला हवा, तो आला ४१व्या दिवशी. तोवर भाची मुलींच्या बालगृहात आणि छोटू मुलांच्या, तेही दुसऱ्या तालुक्यात. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवा, संस्था हा शेवटचा उपाय, असं कायदाच म्हणतो. सहा वर्षांचं पोर, आई गेलेली, त्यात बहीणही दिसेना. घरी आला तेव्हा अंथरूण ओलं करायला लागला होता.

चौकशीला आलेल्या बाईंचं काम मात्र चोख. मुलं झोपणार कुठे, शाळा किती लांब, सगळं पाहिलं. माझ्या नवऱ्याला वेगळं गाठून विचारलं. शेवटी म्हणाल्या, "वडील रात्री दारात आले तर काय कराल?" मी दुसऱ्या दिवशी कडी बदलून घेतली.

'योग्य व्यक्ती', म्हणजे मुलं सांभाळायला समितीने योग्य ठरवलेली व्यक्ती, म्हणून मला ताबा मिळाला. सरकारी मदतीच्या बालसंगोपन योजनेचा अर्जही त्यांनीच भरून घेतला, मुलामागे महिना २,२५० रुपये.

जाणाऱ्यांनी प्रत्येक अर्जाची पोच घ्या, माझा पहिला अर्ज सापडतच नव्हता. आदेशाची प्रतही मागून घ्या. तो मान्य नसेल तर बाल न्यायालयात अपिलाला ३० दिवसच असतात.