स्मेतानाची ‘व्ल्तावा’ : काही महिने ऐकल्यावर

पावसाळ्यात ऐकायला घेतली, आता उन्हाळा तोंडावर आला, तरी व्ल्तावा नदीवरची ही वाद्यवृंदाची रचना रोजच्या ऐकण्यातून सुटलेली नाही. बेद्रिख स्मेताना या चेक संगीतकाराने १८७४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तीनेक आठवड्यांत ती लिहिली. त्याआधीच, ऑक्टोबरात, त्याला ऐकू येणं पूर्ण थांबलं होतं. ज्या रचनेचा जीव इतक्या बारीक आवाजांत आहे, ती त्याने फक्त मनात ऐकली, याचं नवल अजून ओसरत नाही.

सुरुवातीला दोन फ्लूट एकमेकांचा पाठलाग करतात. हा व्ल्तावाचा पहिला उगम. मध्येच व्हायोलिनची तार बोटाने छेडली जाते, हार्पचा एखादा थेंब पडतो. मग क्लॅरिनेट येऊन मिळतात, तो दुसरा उगम; एक गार, एक कोमट. तंतुवाद्यं प्रवाह हाती घेतात आणि ओबो-व्हायोलिनवर ती प्रसिद्ध चाल उमटते. आपल्या भाषेत सांगायचं तर खालच्या पंचमावरून षडज, मग रिषभ, कोमल गंधार, मध्यम अशी चढत ती पंचमावर टेकते, कोमल धैवताला शिवून परत फिरते. लय सहा मात्रांची, त्यामुळे दादऱ्यात मुरलेला कान लगेच डोलू लागतो.

सुरुवातीला मी या चालीचीच वाट बघायचो. हल्ली लक्ष चालीच्या खाली असतं. तिथे बारीक सुरांची वळवळ चालू असते. काठावरच्या रानात शिकारीचे हॉर्न घुमतात तेव्हाही ती थांबत नाही. पुढे गावातलं लग्न लागतं, दोन मात्रांची पोल्का, म्हणजे तिकडच्या नाचाची चाल, सुरू होते, आणि तेवढा वेळ पाणी कानाआड जातं. पोल्का विरली की चांदण्यात जलपऱ्या येतात. व्हायोलिन म्यूट (आवाज दबवणारा चिमटा) लावून लांब सूर धरतात आणि फ्लूट-क्लॅरिनेटवर पुन्हा तीच वळवळ. काठ बदलतो, पाणी वाहत राहतं. हे कानात बसलं की एकही प्रसंग वेगळा जोडल्यासारखा वाटत नाही.

मग सेंट जॉनचा खडकाळ उतार : पिकोलोची (छोट्या फ्लूटची) किंचाळी, झांजा, टिंपनीचे नगारे. ती जागा आता श्तेखोविसे धरणाच्या जलाशयाखाली आहे, त्यामुळे तिथला खळखळाट आज इथेच ऐकायला मिळतो. उतार संपताच तीच चाल त्याच षडजावर, पण शुद्ध गंधार घेऊन येते. नदी प्रागमध्ये शिरली! दर वेळी अंगावर काटा येतो.

एक काम आवर्जून करा. अ‍ॅपवर ही रचना बहुतेकदा सुटी मिळते. ती सहा रचनांच्या ‘मा व्लास्त’ (‘माझी मातृभूमी’) या मालिकेतली दुसरी आहे. पहिली ‘विशेह्राद’, प्रागमधल्या जुन्या गडाच्या नावाची, एकदा तरी आधी ऐका. तिच्यात हार्पवर येणारी धून ‘व्ल्तावा’च्या शेवटी पूर्ण ताकदीने परतते, कारण नदी त्याच गडाखालून जाते. ओळख नसेल तर तो क्षण नुसता गाजावाजा वाटेल.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. पंख्याच्या आवाजात दोन्ही उगम बुडतात, आवाज वाढवला तर उतारावर कान फाटतात. लोकलमध्येही तेच. बंद खोली आणि बरे हेडफोन एवढं पुरतं.

मी चेक फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची, दोन वेगळ्या संचालकांची ध्वनिमुद्रणं आलटून-पालटून ऐकतो. कारेल आन्चेर्ल यांचं १९६३ चं स्वच्छ, नेमकं. चालीखालची वळवळ त्यात सगळ्यात स्पष्ट कळते. राफाएल कुबेलिक यांचं मे १९९० मधलं, प्रागच्या मैफलीतलं. १९४८ साली देश सोडलेला हा माणूस कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर परतला होता, आणि शुद्ध गंधाराच्या त्या वळणावर वाद्यवृंद जो उसळतो, तसा मला दुसरीकडे सापडलेला नाही. नव्याने ऐकणाऱ्याने आन्चेर्लपासून सुरुवात करावी. चाल तोंडपाठ झाली की कुबेलिक लावा, आणि ‘विशेह्राद’पासून सलग लावा.