लाँगयिअरब्येनला जायचं : थेट ऑस्लोहून की ट्रॉम्सोमार्गे?

आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड या बेटसमूहावरच्या लाँगयिअरब्येन गावाला (78 अंश उत्तर) पोहोचायचे हवाई मार्ग मुख्यतः दोन.

ऑस्लोहून थेट विमानानं सुमारे 2,000 किमी, साधारण तीन तास. उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहराहून मात्र जेमतेम 950 किमी आणि दीडपावणेदोन तास, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षाही कमी! गंमत म्हणजे ट्रॉम्सो जवळपास वाटेवरच पडतं. ऑस्लो-ट्रॉम्सो साधारण 1,100 किमी धरलं, तर दोन टप्प्यांची बेरीज थेट अंतरापेक्षा फारशी वाढत नाही. वाढतो तो वेळ. उतरा, पासपोर्ट दाखवा, पुन्हा चढा. स्वालबार्ड नॉर्वेचंच असलं तरी शेंगेनबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या क्षेत्राबाहेर आहे ना! म्हणून आपल्या पासपोर्टवर परतायचं तर शेंगेन व्हिसा किमान दोन प्रवेशांचा हवा; हे विसरलात तर मार्ग कुठलाही निवडा, पंचाईत ठरलेली.

घाई असेल तर थेट जावं. पण माझं मत ट्रॉम्सोच्या बाजूनं. हिवाळ्यात तिथे दोन रात्री काढल्या आणि आभाळ मोकळं असलं, तर ध्रुवीय प्रकाश दिसण्याची चांगली शक्यता. लाँगयिअरब्येनची धावपट्टी बाराही महिने गोठलेल्या जमिनीवर बांधलेली आहे; विमानतळ 1975 मध्ये सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात समुद्र गोठला की बोटीही बंद.

पुढे स्वालबार्डमधल्याच न्यू-ओलसुंडला, आपल्या भारताच्या ‘हिमाद्री’ संशोधन केंद्राकडे, छोटं विमान जातं. ते केंद्र चालवणारी संस्था कुठली, तर गोव्यातल्या वास्कोची!