गोष्टींचं ॲप, अकरा महिन्यांनंतर: पान पोरीच्या हातात हवं

ऑगस्टमध्ये एका सकाळी बँकेचा मेसेज आला: 299 रुपये वजा. ॲप तर मी जुलैतच मोबाईलमधून काढून टाकलं होतं. दर तीन महिन्यांची वर्गणी चौथ्यांदा गेली, आणि या वेळी तर वस्तू घरातच नव्हती. नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, मिळून 1,196 रुपये. आमचं घर देवगडच्या आंब्यावर चालतं. मे महिन्यात चार पैसे हातात असतात, पण ऑगस्टमध्ये एकेक रुपया मोजून काढावा लागतो. त्यामुळे हे लिहिते आहे.

ॲपचं नाव देत नाही. गोष्टींची ॲप बहुतेकांनी पाहिली आहेत: वर चित्र, खाली एक-दोन ओळी, कुणीतरी वाचतं आणि वाचला जाणारा शब्द पिवळा होतो. माझी लेक पहिलीत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घेतलं, सात दिवस फुकट होतं म्हणून. मराठी गोष्टी भरपूर होत्या, वाचणाऱ्या बाईंचा आवाज गोड आणि उच्चार स्वच्छ. पहिला महिना मी सगळ्यांना सांगत सुटले होते की घ्या म्हणून.

मग एक गोष्ट खुपायला लागली आणि ती अजूनही खुपते. पान आपोआप उलटतं. मी घड्याळ लावून मोजलं. शेवटचा शब्द वाचून झाला की तीन सेकंद, की पुढचं पान. सहा वर्षांचं मूल ओळ कशी वाचतं ते ज्यांनी जवळ बसून पाहिलंय त्यांना कळेल. बोट अक्षराखाली, ओठ हलतात, मध्येच चित्राकडे नजर, पुन्हा बोट जिथे होतं तिथे. लेकीचं बोट दुसऱ्या शब्दावर असायचं आणि पान निघून जायचं. त्यात काचेला बोट लागलं की वर काळी पट्टी यायची आणि गोष्ट थांबायची. चार दिवसांत तिने बोट लावणंच सोडलं, हात मांडीवर ठेवून नुसती बघत बसायची. बोट लावून वाचायची तिला बालवाडीत बाईंनी लावलेली सवय त्या तीन सेकंदांनी मोडली. हे मला सहन झालं नाही.

सेटिंगमध्ये शोधलं. पान थांबवायचं बटण इंग्रजी गोष्टींना होतं, मराठी गोष्टींना नव्हतं. मेल केला. इंग्रजीत उत्तर आलं की तुमची सूचना आम्हाला मोलाची आहे. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. एकूण नऊ मेल माझ्याकडे आहेत. फोन लागला तो एकदाच. पलीकडच्या मुलाला मराठी येत नव्हतं आणि आपोआप उलटणं हीच तर सोय आहे, असं तो मला हिंदीत समजावत राहिला.

दुसरी तक्रार अक्षरांची. शाळेत मुलं पाकळीचा ल आणि देठाचा श शिकतात, 2009 च्या शासन निर्णयात तेच ठरलेलं आहे. ॲपमध्ये मात्र हिंदीसारखा दंडाचा ल. ‘लाल’ हा शब्द लेकीला पाठ्यपुस्तकात चटकन वाचता यायचा, इथे ती अडायची. मोठ्या माणसाला हा फरक दिसतही नाही, पण नुकतं अक्षर ओळखायला लागलेल्या मुलाला ते दुसरंच अक्षर वाटतं.

जुलैत तीन दिवस लाईट नव्हती. रेंज अधूनमधून, मोबाईल बंद. लेक ओटीवर भुणभुण करत होती. त्याआधी मी स्टोरीवीव्हरवरून दोन गोष्टींच्या पीडीएफ उतरवून बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतल्या होत्या, त्या आठवल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेली ही साइट आहे, मराठी गोष्टी शेकड्यांनी आहेत, एक पैसा लागत नाही. परवानाच असा खुला आहे की छापा, वाटा, भाषांतर करा, फक्त लेखक-चित्रकारांची नावं राहू द्या. चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीत थोडेच शब्द आणि छोटी वाक्यं. साइटवर वाचलं तरी आपण बाण दाबेपर्यंत पान हलत नाही. भाषांतर कुणीही करू शकतं, म्हणून मुलाला देण्याआधी आपण एकदा वाचून घ्यायचं.

कागद मी मधोमध दुमडून गोधडीच्या दोऱ्याने शिवले होते. कंदिलाच्या उजेडात लेक वाचायला बसली. चित्रात वाळू आणि खेकडा. तिने बोट ठेवलं आणि ठणठणीत आवाजात वाचलं, “कुर्ली.”

आमच्याकडे खेकड्याला कुर्लीच म्हणतात. छापलेलं होतं ‘खेकडा’. मी काही बोलले नाही. मला त्या क्षणी कळलं की इतके महिने ती चित्र वाचत होती, अक्षर नाही. पुढच्या पानावर पुन्हा तोच शब्द, पुन्हा “कुर्ली”. तिसऱ्या पानावर बोट शब्दाखाली थांबलं. बराच वेळ. कंदिलाची काच काळवंडत होती तरी मी वात खाली केली नाही, लेकीचं लक्ष हलेल म्हणून.

“आये, हय कुर्ली नाय लिवलेली. पयला अक्षर ख आसा.”

मग ख ला एक मात्रा, क, ड ला काना, असं एकेक करत तिने शब्द जोडला. आणि मागे जाऊन आधीची दोन्ही पानं स्वतःहून उलटून दुरुस्त केली. मागे जाऊन! ॲपमध्ये इतक्या महिन्यांत ती एकदाही मागच्या पानावर गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी लाईट आली आणि मी ॲप काढून टाकलं.

इथवर मी ऑगस्टच्या शेवटी लिहून ठेवलं होतं आणि एक तारा देणार होते. गणपतीच्या धावपळीत राहून गेलं ते बरं झालं, कारण आता मत थोडं बदललंय.

गणपतीत नणंदेची मुलगी आली होती, तीही सहाचीच. ती अक्षरं सरसर जोडायची, पण ‘खेकडा’ वाचून मला विचारलं, “मामी, म्हणजे काय?” माझ्या लेकीला हा प्रश्न पडला नव्हता. तिने शब्द जोडला तेव्हा तो तिच्या कानात आधीपासून होता. घरात आम्ही सगळे मालवणी बोलतो. खेकडा, मुलगा, तिकडे, पाहिले हे शब्द तिने एवढ्या वेळा ऐकले ते त्या ॲपमधल्या बाईंच्या तोंडूनच. हे मला कबूल केलं पाहिजे. आवाज वाया गेला नाही, पुस्तकातली मराठी त्याने तिच्या कानावर घातली. म्हणून तीन तारे. दोन कापले ते पानासाठी आणि पैशांसाठी.

आता आमचं असं चालतं. नवी गोष्ट असेल तर आधी मी किंवा सासरे मोठ्याने वाचतो, किंवा स्टोरीवीव्हरवरच वाचून दाखवणाऱ्या गोष्टी आहेत त्यातली लावतो, एकदाच. मग कागद तिच्या हातात. सासऱ्यांना बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक ऑनलाइन सापडलेत. 1971 पासूनचं मासिक, फुकट उघडतं. ते लेकीला अजून जड जातं, पण आजोबा चष्मा लावून वाचतात म्हणून तीही शेजारी बसते. गूगलचं रीड अलाँगही थोडे दिवस वापरलं. त्यात मूल वाचतं आणि मोबाईल ऐकतो, एकदा गोष्टी उतरवल्या की नेटही लागत नाही. एकट्या बसणाऱ्या मुलासाठी चांगलं आहे. आमच्याकडे ऐकायला माणसं आहेत.

छपाईचा हिशेब: आजवर 14 गोष्टी, प्रत्येकी आठ बाजू, दोन रुपयांना बाजू, 224 रुपये. रंगीत परवडत नाही, चित्रं लेकच रंगवते.

पैशांचं मात्र नीट लक्षात घ्या. ॲप मोबाईलमधून काढलं म्हणजे वर्गणी थांबत नाही. ज्या यूपीआय ॲपमधून पैसे जातात त्यात ‘ऑटोपे’ म्हणून भाग असतो, तिथे जाऊन ती परवानगी रद्द करायची. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येणं बंधनकारक आहे. मलाही आली होती, पण इंग्रजीत, आणि विजेच्या बिलाच्या मेसेजखाली गेली. ऑगस्टचे 299 मी परत मागितले आहेत, अजून आलेले नाहीत.

कंपनीतलं कुणी हे वाचत असेल तर त्या पैशांआधी एक करा. मराठी गोष्टींना पान थांबवायचं बटण द्या. तुमच्या इंग्रजी गोष्टींत ते आहेच.